अन्ननलिकेच्या कर्करोगाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया: निदानापासून घरी सावरेपर्यंत

भाकरी गिळायला जड जाऊ लागली म्हणून माणूस भातावर येतो, भातही अडकू लागला की आमटीत कुस्करून खातो आणि शेवटी पेजेवर दिवस काढतो. मधल्या काळात अंगावरचे कपडे सैल होतात आणि घरचे लोक त्याचे खापर पित्तावर किंवा वयावर फोडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात असा उशीर आजही होतो. घट्ट घास अडकू लागतो, तेव्हा अन्ननलिकेचा मार्ग बहुधा १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झालेला असतो. शिवाय पोटातल्या इतर अवयवांना असते तसे बाहेरचे आवरण अन्ननलिकेला नसल्यामुळे इथला कर्करोग शेजारच्या भागात आणि लसिका गाठींमध्ये (संसर्गाशी लढणाऱ्या शरीरातल्या छोट्या गाठींमध्ये) लवकर शिरतो. म्हणून चाळिशीनंतर दोन आठवडे सतत घास अडकत असेल, तर औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणत बसू नये, थेट तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्यावी. विडी, तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा दारू यांपैकी एखादे व्यसन असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये.

हा लेख ज्यांचे निदान झालेले आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे, अशा रुग्णांसाठी आणि मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया म्हटले की बहुतेकांच्या मनात पित्ताशयाचे किंवा अपेंडिक्सचे ऑपरेशन येते आणि दोन दिवसांत घरी परतायचे, असा समज होतो. इथे तसे नसते. बाहेरची छिद्रे लहान असली तरी आतली शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच मोठी असते, आणि तिचे यश आधीच्या तयारीवर व नंतरच्या श्वासाच्या व्यायामावर, चालण्यावर आणि खाण्यावर फार अवलंबून असते. ही कामे घरच्यांच्या हातात असल्याने त्यांचा तपशील पुढे जास्त दिला आहे.

आजार किती पसरला आहे हे आधी ठरते

दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावर कर्करोगाचा प्रकार कळतो. तंबाखू आणि दारूशी जोडलेला स्क्वॅमस प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो आणि तो बहुधा अन्ननलिकेच्या वरच्या व मधल्या भागात असतो. ॲडिनोकार्सिनोमा हा दुसरा प्रकार मुख्यतः खालच्या टोकाला, जठराच्या जवळ होतो आणि त्याचा संबंध वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताशी व लठ्ठपणाशी आहे. यानंतर छाती-पोटाचा सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन होतो. गाठ वरच्या किंवा मधल्या भागात असेल, तर ती श्वासनलिकेत शिरलेली नाही ना हे पाहण्यासाठी श्वासनलिकेचीही दुर्बिणीतून तपासणी करतात.

आजार अगदी वरच्या थरात असेल, तर तोंडातून दुर्बीण घालून तेवढाच थर काढता येतो आणि मोठी शस्त्रक्रिया टळते. यकृत, फुप्फुस किंवा हाडांमध्ये आजार पसरला असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रिया करत नाहीत. मानेतल्या अन्ननलिकेच्या गाठीसाठी बहुधा केमोथेरपी आणि किरणोपचार हाच मुख्य उपचार ठरतो. उरलेले बरेचसे रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये असतात: गाठ भिंतीत खोल गेलेली किंवा आजार जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोहोचलेला, पण लांब पसरलेला नाही. अशा रुग्णांना आधी औषधोपचार देऊन मग शस्त्रक्रिया करणे हा आजचा मान्य मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्रॉस या अभ्यासात पाच आठवडे दर आठवड्याला केमो आणि सोबत २३ किरणोपचार देऊन मग शस्त्रक्रिया केली गेली. असे उपचार घेतलेल्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे ४९ महिने किंवा त्याहून जास्त जगले, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिने किंवा त्याहून जास्त. स्क्वॅमस प्रकारात तर जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत जिवंत कर्करोग सापडलाच नाही. म्हणून ‘आधी गाठ काढून टाका, औषधे नंतर बघू’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. ॲडिनोकार्सिनोमासाठी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो देण्याची पद्धतही आहे. आपल्या रुग्णाला कोणता मार्ग सुचवला आहे आणि का, हे विचारून घ्यावे.

कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे

बेळगावात केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि जिल्ह्याचे सरकारी बिम्स रुग्णालय आहे. हुबळीत नवनगरला कर्करोग रुग्णालय आहे, बेंगळुरूत किदवाई आणि मुंबईत परळला टाटा मेमोरियल. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. रुग्णालय निवडताना मात्र अंतरापेक्षा अनुभवाला जास्त वजन द्यावे, कारण जिथे ही शस्त्रक्रिया नेहमी होते तिथे गुंतागुंत लवकर ओळखली जाते आणि रुग्ण वाचतो. नेदरलँड्समध्ये वर्षाला किमान २० अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांनाच त्या करू दिल्या जातात. म्हणून सर्जनना संकोच न करता विचारावे: तुमच्याकडे वर्षाला अन्ननलिकेच्या किती शस्त्रक्रिया होतात, त्यांतल्या किती दुर्बिणीतून होतात, आणि रात्री काही बिघडले तर आयसीयूत व सीटीसाठी कोण असते? चांगल्या सर्जनना या प्रश्नांचा राग येत नाही.

पैशाची सोय पहिल्याच भेटीत पाहावी. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के इतकी मदत, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीचे नसलेले मोठे उपचार घेताना सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते आधीच घेऊन ठेवले तर भरतीच्या दिवशी धावपळ होत नाही. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ जाहीर केलेला आहे. कोल्हापूर किंवा मुंबईला जायचे असेल तर त्या रुग्णालयाच्या योजना-कक्षात आपले गाव, आपले रेशनकार्ड आणि हीच शस्त्रक्रिया बसते का, हे निघण्यापूर्वी विचारून खात्री करावी.

किरणोपचार एका गावी आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी, अशी वेळ आपल्याकडे बऱ्याच जणांवर येते. त्यात तारखा हुकतात. किरणोपचार संपल्यापासून साधारण ६ ते १० आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, म्हणून किरणोपचार सुरू होतानाच सर्जनची तारीख ठरवावी. स्कॅनच्या नुसत्या रिपोर्टवर काम भागत नाही. सीडी, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक, केमोची मात्रा लिहिलेला कागद असे सगळे एका फाइलीत ठेवावे. कर्नाटकातल्या रुग्णालयांत संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून सांगा, असे म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि तिथल्या सिस्टर किंवा कनिष्ठ डॉक्टरांपैकी कुणीतरी मराठी बोलणारे बहुधा भेटतेच.

शस्त्रक्रियेआधीचे आठवडे

तंबाखू किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवी, आणि पूर्ण म्हणजे मिश्रीसुद्धा. निपाणीच्या भागात तंबाखूची शेती आणि विडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्याने ती सोडणे किती कठीण जाते, याची कल्पना इथल्या प्रत्येकाला आहे. तरीही या बाबतीत सवलत नाही. या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा संसर्ग हा सर्वांत मोठा धोका असतो आणि धूर थांबल्यावर श्वासनलिका साफ व्हायला काही आठवडे लागतात. दात व जीभ दिवसातून दोनदा मऊ ब्रशने स्वच्छ करावी, कारण तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर औषधाच्या दुकानात मिळते. ते फुंकायचे नसते; तोंडात नळी धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, गोळ्या वर टिकवून ठेवायच्या आणि मग सोडायचा. बरेच जण जोराने झटका देऊन गोळ्या उडवतात, त्याचा उपयोग नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा, आणि त्याबरोबर रोज अर्धा तास चालणे, हे शस्त्रक्रियेपर्यंत सुरू ठेवावे.

खाण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. सहा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया जड जाते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम आणि एक पेला दुधातून ८ ग्रॅम मिळतात. यावरून नुसत्या पेजेवर किंवा आंबिलीवर राहिलेल्या माणसाचे काय होत असेल, हे लक्षात येईल. पेज द्यावी, पण तिच्यात दूध पावडर, मऊ शिजवून गाळलेली डाळ किंवा अंडे फेटून शिजवून मिसळावे. घोटही जात नसेल तर नाकातून किंवा लहान आतड्यात नळी घालून आहार देतात. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पुढे शस्त्रक्रिया व्हायची असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवणे शक्यतो टाळतात, कारण त्याच जठरापासून नवी अन्ननलिका तयार करायची असते. गावातल्या दवाखान्यात कुणी तशी नळी सुचवली, तर ती बसवण्याआधी सर्जनना फोन करावा.

शस्त्रक्रियेत काय करतात

अन्ननलिका घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. गाठीसह तिचा बराचसा भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी काढतात, जठराला चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या नळीचा आकार देतात आणि ती नळी वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. जोड मानेत केला तर त्या पद्धतीला मॅक्‌कियोन म्हणतात आणि छातीत केला तर आयव्हर लुईस. जोड मानेत गळला तर जखम बाहेर उघडून निभावता येते. छातीत गळला तर प्रकरण गंभीर होते. उलट मानेत जोड गळण्याचे आणि आवाजाच्या नसेला धक्का लागण्याचे प्रमाण जास्त असते. कोणती पद्धत हे मुख्यतः गाठीच्या जागेवर ठरते.

दुर्बिणीच्या पद्धतीत उजव्या छातीत आणि पोटावर काही लहान छिद्रे घेतात. मॅक्‌कियोन पद्धतीत आधी छातीतले काम होते, मग रुग्णाला उताणे करून पोटातले आणि मानेतले. छातीतले काम रुग्णाला पालथे झोपवून करण्याच्या पद्धतीचा मोठा अनुभव भारतातूनच जगापुढे आला: कोइम्बतूरचे डॉ. सी. पलनीवेलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली १३० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या सगळ्याला पाच ते आठ तास लागतात, तेव्हा बाहेर बसलेल्यांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये. रोबोट वापरला तरी आतली शस्त्रक्रिया हीच असते. हात सर्जनचेच चालतात, खर्च मात्र वाढतो. रोबोट नाही म्हणून अनुभवी सर्जन सोडून दुसरीकडे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

लहान छिद्रांचा खरा फायदा फुप्फुसांना होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ११५ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के रुग्णांना झाला, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के रुग्णांना. दुखणे कमी असल्याने रुग्ण खोकू शकतो, चालू शकतो. परंतु रक्तस्राव झाला किंवा गाठ चिकटलेली निघाली, तर सर्जन मध्येच छाती उघडतात. तो सुरक्षिततेचा निर्णय असतो, त्याला अपयश मानून वाद घालू नये.

रुग्णालयातले दिवस

पहिला एखादा दिवस आयसीयूत जातो. छातीत निचऱ्याची नळी, नाकात नळी, लघवीची नळी आणि पोटावरून लहान आतड्यात आहाराची नळी, एवढ्या नळ्या पाहून नातेवाईक हबकतात. त्यांतली नाकातली नळी रुग्णाने झोपेत ओढू नये यासाठी रात्री कुणीतरी जागे राहावे. ती निघाली तर आपण किंवा नवख्या माणसाने परत घालू नये, कारण ती ताज्या जोडाला टोचू शकते.

दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणे आणि चार पावले चालणे सुरू होते. ‘एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे, पडून राहू द्या’ असे भेटायला आलेले मामा-काका प्रेमाने सांगतील. त्यांचे ऐकू नये. दुखत असेल तर वेदनाशामक मागावे, पण चालणे आणि खोकून बेडका काढणे चुकवू नये. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरली की टाक्यांवर ताण कमी येतो.

तोंडाने पाणी कधी द्यायचे, हे प्रत्येक रुग्णालय आपल्या पद्धतीने ठरवते. तोवर आतड्यातल्या नळीतून आहार चालतो. डॉक्टरांनी सांगेपर्यंत चमचाभर तीर्थसुद्धा देऊ नये. ताप, नाडी १०० च्या वर जाणे किंवा अचानक अनियमित होणे, धाप, छातीत नवीन दुखणे, मानेच्या टाक्यांवर लाली, सूज किंवा लाळेसारखा स्राव यांपैकी काहीही दिसले, की जोड गळत असल्याची शंका घेऊन सिस्टरना तेव्हाच सांगावे, सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. सगळे सुरळीत झाले तर साधारण ८ ते १२ दिवसांत घरी सोडतात. आवाज घोगरा झाला असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर स्वरयंत्राची तपासणी करून गिळण्याचा व्यायाम शिकून घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.

घरी नळीची काळजी

बरेच रुग्ण आतड्यातली नळी ठेवूनच घरी येतात आणि पुढचे काही आठवडे रात्रीचा आहार त्यातून घेतात. प्रत्येक वेळी आहाराच्या आधी आणि नंतर, तसेच औषध दिल्यावर, उकळून कोमट केलेले ३० मिलिलिटर पाणी मोठ्या सिरिंजने हळू सोडावे. नाचणीची खीर किंवा डाळीचे पाणी नळीतून द्यायचे असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून, पातळ करून, स्वच्छ मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून द्यावे. नळी बारीक असते आणि नाचणीचा चोथा तिच्यात हमखास बसतो. गोळ्या कुटून घालण्याऐवजी पातळ औषध लिहून घ्यावे. नळी तुंबली तर कोमट पाणी हलक्या हाताने मागे-पुढे करावे, तार किंवा काडी कधीही घालू नये. नळी बाहेर आली तर ती घेऊन त्याच दिवशी, काही तासांत रुग्णालय गाठावे, कारण छिद्र लवकर आखडते. खानापूरच्या जंगलाकडच्या गावातून रात्री निघणे अवघड असते, म्हणून गाडी कुणाची मिळेल हे आधीच बोलून ठेवावे.

जेवण, झोप आणि काम

आता पोटात पूर्वीसारखी जागा नाही आणि जठराच्या वरच्या टोकाची झडपही राहिलेली नाही, या दोन गोष्टींवरून पुढचे सगळे नियम ठरतात. दिवसातून सहा ते आठ वेळा वाटीभर खावे, ताठ बसून, घास पूर्ण मऊ होईपर्यंत चावून. सुरुवातीला गुरगुट्या भात, मऊ खिचडी, उकडलेले अंडे कुस्करून, काटे काढलेला मऊ मासा, दही. जोंधळ्याची भाकरी काही आठवड्यांनी, तीही दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून. पाणी व ताक जेवणाबरोबर न घेता अर्ध्या तासाने घ्यावे.

घरी आल्यावर पाहुणे कुंद्याचा डबा घेऊन येतात आणि आग्रह होतो. गोड पदार्थ, गोड चहा किंवा फळांचा रस घेतल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब असा त्रास होऊ शकतो, कारण अन्न फार लवकर आतड्यात उतरते. कधी एक ते तीन तासांनी साखर उतरून थरथर होते आणि गळून गेल्यासारखे वाटते. गोड कमी करून प्रथिने वाढवली आणि थोडे-थोडे खाल्ले की बहुतेकांचा हा त्रास आटोक्यात येतो.

रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास संपवावे. सपाट झोपले की पित्त व अन्न थेट घशात येते आणि फुप्फुसात उतरू शकते. एकावर एक उशा घेतल्याने पोट दुमडते, त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून तो १५ ते २० सेंटिमीटर उचलावा. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल तर ती आता सोडावी लागेल. ही व्यवस्था कायमची आहे.

सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. पाण्याची घागर, खताचे पोते, नातवंडे, सगळेच यात आले. हलके काम सहा-आठ आठवड्यांनी जमते. भात लावणीसारखे तासन्‌तास वाकून करायचे काम निदान तीन महिने टाळावे, आणि नंतरही भरल्या पोटी करू नये, वाकले की अन्न वर येते. रोज चालणे मात्र पहिल्या दिवसापासून वाढवत न्यावे.

पुढची तपासणी

काढलेल्या भागाचा रिपोर्ट बहुधा एक-दोन आठवड्यांत येतो. कापलेल्या कडा कर्करोगमुक्त आहेत का, किती लसिका गाठी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, हे तीन मुद्दे समजून घ्यावेत. आधी केमो व किरणोपचार घेऊनही कर्करोग शिल्लक सापडला, तर निव्होलुमॅब हे औषध वर्षभर देण्याचा पर्याय आहे. ते महाग आहे, त्यामुळे योजनेत बसते का आणि खरा फायदा किती, हे कर्करोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा घास अडकू लागला, की घरात सन्नाटा पसरतो. पुष्कळदा तो परतलेला कर्करोग नसतो; जोडाची जागा आखडलेली असते आणि दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते. एकापेक्षा जास्त वेळा करावे लागले तरी घाबरण्याचे कारण नाही, फक्त पुन्हा पेजेवर येऊन महिने काढू नयेत. पहिल्या सहा महिन्यांत वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटू शकते, म्हणून दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत अधिक अंतराने तपासणी होते; त्यात लोह आणि बी-१२ मागून तपासून घ्यावे, कारण दोन्ही कमी पडतात. आणि वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा अचानक पोटात किंवा छातीत तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर आतडे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून छातीत सरकलेले असू शकते, आणि ही शक्यता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर थोडी जास्त असते. अशा वेळी जवळच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेली आहे’ असे सांगावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे.